एका प्रतिज्ञालेखाचा इतिहास

धर्मसहिष्णुता हा आपल्या देशाचा कुलधर्म आहे, असें आपण अभिमानानें सांगतों. आणि तें पुष्कळ अंशीं खरेंही आहे. गुजराथच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पारशांचा अग्नि येथील राजांनीं विझविला नाहीं. जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं ते बंद ठेवीत, म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांस ‘शनिवार तेली’ हें नांव दिलें. या नांवांत द्वेष नाहीं कीं कुचेष्टा नाहीं. सोमवारीं घाणा बंद ठेवणारे जसे तेली, तसे शनिवारीं बंद ठेवणारे हेही तेली, इतक्या सहजपणें गांवानें एक परका धर्म आपल्या व्यवस्थेंत सामावून घेतला. जगाच्या इतिहासांत यहुद्यांच्या वांट्यास जें आलें तें ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस या साध्या नांवाची थोरवी कळेल.

परंतु याच गांवांतील एखाद्या शनिवार तेल्याच्या मुलानें शेजारच्या आगऱ्याच्या मुलीशीं लग्न करूं म्हटलें असतें, तर काय झालें असतें? दोन्ही घरांचीं दारें एकदमच बंद झालीं असतीं, आणि तीं बंद करण्यांत दोन्ही जातींचें पूर्ण एकमत झालें असतें. येथें आपल्या सहिष्णुतेचें स्वरूप उघड होतें. ती समूहांनीं समूहांस दिलेली मोकळीक होती. प्रत्येकानें आपापल्या कुंपणांत राहावें आणि दुसऱ्याच्या कुंपणास हात लावूं नये, हा तिचा नियम. कुंपणावर उभ्या राहिलेल्या एकट्यादुकट्या माणसाची तिच्यांत सोय नव्हती. शेजारी कोणत्या देवळांत जातो हें आपण आनंदानें सहन करतों. आपली मुलगी कोणत्या घरांत जाते हें मात्र सहन करीत नाहीं. म्हणून व्यक्तिस्वातंत्र्य, कायदा आणि धर्मसहिष्णुता या तिहींची खरी कसोटी विवाहाच्या प्रश्नांत लागते.

महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांशीं या विषयावर बोलूं लागलें म्हणजे दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. कांहीं म्हणतात, “कायद्यानें सर्व मोकळीक दिली आहे, आतां प्रश्न उरला कोठें?” दुसरे म्हणतात, “कायदा पुस्तकांत आहे. घरीं त्याचें कोण ऐकतो?” या दोन्ही उद्गारांत सत्याचा अंश आहे, परंतु ही मोकळीक मिळाली कशी, कोणत्या किंमतीनें मिळाली आणि ती मागणारे तरुण पुढें कसे वागले, याची माहिती दोघांनाही सहसा नसते. ही हकीकत एका लहानशा प्रतिज्ञालेखाभोंवतीं फिरते. १८७२ पासून १९५४ पर्यंत, म्हणजे ब्याऐशीं वर्षें, हा लेख आपल्या कायद्यांत होता. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

तिचें मूळ १७७२ सालांत आहे. त्या वर्षीं वॉरन हेस्टिंग्ज यानें बंगालच्या न्यायदानाची जी योजना आंखली, तिच्यांत वारसा, विवाह, जात इत्यादि बाबतींत हिंदूंस शास्त्राप्रमाणें आणि मुसलमानांस कुराणाप्रमाणें न्याय द्यावा, असें ठरविलें. परक्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीनें हें धोरण शहाणपणाचें होतें, आणि प्रजेलाही तें रुचलें. १८५८ च्या जाहीरनाम्यांत राणीनें धर्मांत हात न घालण्याचें जें वचन दिलें, तें याच धोरणाचें मोठ्या अक्षरांतील पुनर्लेखन होतें. पण त्याचा एक परिणाम असा झाला कीं, जो आचार पूर्वीं जातीच्या पंचायतींत घासाघीस होऊन थोडाफार बदलत असे, तो आतां न्यायालयाच्या निकालपत्रांत गोठूं लागला. शिवाय प्रत्येक माणूस कायद्याच्या दारांत उभा राहतांच त्यास पहिला प्रश्न विचारण्यांत येऊं लागला: तूं कोणत्या धर्माचा? या प्रश्नाचें सरळ उत्तर ज्यास देतां येत नसे, त्याच्यासाठीं कायद्याजवळ पान नव्हतें.

असे तरुण मात्र इंग्रजी शाळांतून तयार होऊं लागले होते. मुंबईंत १८३९ सालीं डॉ. विल्सन यांच्या शाळेंतील धनजीभाई नवरोजी या सोळा-सतरा वर्षांच्या पारशी विद्यार्थ्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. समाजांत हाहाकार उडाला. त्याला परत मिळविण्यासाठीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज गेला. मुलगा कळत्या वयाचा आहे, त्यानें वाटेल तेथें जावें, असा निर्णय झाला. चार वर्षांनीं नारायण शेषाद्रि हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला, आणि त्याचा बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपाद त्याच्यामागोमाग मिशनच्या घरीं राहिला. या वेळीं न्यायालयानें मुलगा अज्ञान ठरवून बापाच्या स्वाधीन केला. कायद्यापुरता प्रश्न मिटला. पण जातीचा प्रश्न तेथूनच सुरू झाला. मुलानें ख्रिस्त्याच्या घरचें अन्न खाल्लें होतें. त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावें कीं नाहीं, यावर मुंबईच्या ब्रह्मवृंदांत रणें माजलीं. बाळशास्त्री जांभेकर या तिशींतल्या प्राध्यापकानें मुलाची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष पत्करला. न्यायालय मुलास बापाच्या दारापर्यंत आणून सोडूं शकलें; दार उघडणें त्याच्या हातीं नव्हतें. या एका प्रकरणांत पुढल्या शंभर वर्षांचें सूत्र सांपडतें.

पुढें सहा वर्षांनीं, १८४९ सालीं, मुंबईंत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर प्रभृति मंडळींनीं जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा केली. नव्या सभासदास ख्रिस्ती भटारखान्यांतील पाव खावा लागे. आज ही दीक्षा वाचून हंसूं येतें. पण त्या काळीं त्या एका घासांत घरदार, बायकोचें माहेर, मुलांचीं लग्नें आणि स्वतःची तिरडी उचलणारे चार खांदे, एवढें सर्व पणाला लागलेलें असे. म्हणून सभा गुप्त होती. दिवसा सोंवळें, रात्रीं परमहंस, असा हा व्यवहार दहा-अकरा वर्षें चालला. पुढें १८६० च्या सुमारास कोणीं तरी सभेचें दप्तर लांबविलें, सभासदांचीं नांवें बाहेर फुटण्याची वेळ आली, आणि सभा एकदम विरून गेली. या मंडळींस भित्रीं म्हणून मोडींत काढणें सोपें आहे. परंतु त्यांचें मत कितीही शुद्ध असलें, तरी त्या मताप्रमाणें राहण्यास ज्या आधाराची गरज असते, तो ना समाजानें दिला होता, ना कायद्यानें.

कायदा अगदींच स्वस्थ होता असें नव्हे. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्म सोडल्यामुळें किंवा जातिबाह्य झाल्यामुळें कोणाचाही वारसा बुडणार नाहीं, असें ठरविलें. १८५६ च्या पंधराव्या कायद्यानें विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर केला. हा दुसरा कायदा येथें मुद्दाम लक्षांत घेण्याजोगा आहे. ज्या विधींनीं हिंदु कुमारिकेचा विवाह होतो, त्याच विधींनीं विधवेचाही व्हावा, अशी त्यांत तरतूद होती. पुनर्विवाह करणारीस पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरील हक्क सोडावा लागे, हा अन्याय खराच. पण तिला “मी हिंदु नाहीं” असें म्हणावें लागत नसे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं शास्त्रांतून आधार काढून मागणी केली होती, म्हणून कायद्यासही धर्माच्या आंत राहून सुधारणा करतां आली. जे शास्त्राचा आधार मागतच नव्हते, त्यांची अडचण निराळी होती.

ती अडचण बंगालच्या ब्राह्मसमाजापुढें उभी राहिली. १८६१ सालीं महर्षि देवेंद्रनाथ ठाकूर यांनीं आपल्या मुलीचें लग्न शालिग्रामाची पूजा वगळून, ब्राह्मपद्धतीनें लावलें. पुढें केशवचंद्र सेन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण ब्राह्मांचा एक पक्ष निघाला, आणि त्यानें आंतरजातीय विवाह लावण्यास आरंभ केला. हेच केशवचंद्र १८६४ सालीं मुंबईस आले होते, आणि त्यांच्या भेटीनें जो उत्साह उत्पन्न झाला त्यांतून १८६७ सालीं आपल्याकडील प्रार्थनासमाज उदयास आला. असो. या नव्या विवाहांस हिंदु कायद्याची मान्यता आहे काय, हा प्रश्न सरकारच्या मुख्य कायदेपंडिताकडे गेला, आणि त्याचें मत प्रतिकूल पडलें. ज्यांनीं मूर्तीपुढें खोटें बोलावयाचें नाहीं म्हणून घरच्यांचा रोष पत्करला, त्यांची मुलें उद्यां न्यायालयांत अनौरस ठरण्याचा संभव दिसूं लागला. तेव्हां केशवचंद्रांनीं सरकारकडे कायद्याची मागणी केली.

व्हाइसरॉयच्या कौन्सिलांतील कायदेमंत्री सर हेन्री मेन यानें १८६८ सालीं जें बिल आणलें, तें मोठें उदार होतें. प्रचलित विधि ज्यास मान्य नसतील अशा कोणाही एतद्देशीय माणसास त्याखालीं लग्न करतां आलें असतें. पण बिलावर अभिप्राय मागविले तेव्हां प्रांतोप्रांतींहून विरोध आला. हिंदूनें हिंदु राहूनच हिंदु विवाहशास्त्र टाळावें, ही कल्पना कोणासच मानवली नाहीं. मेननंतर आलेल्या फिट्‌झजेम्स स्टीफन यानें तें बिल आंखडून केवळ ब्राह्मांपुरतें केलें. तर आदि ब्राह्मसमाजानें तक्रार केली कीं, आम्हीही ब्राह्म आहों आणि हिंदूही आहों. आम्हांस हिंदुत्वाबाहेर काढूं नका. शेवटीं स्टीफननें असा तोडगा काढला कीं, ज्यास या कायद्याखालीं विवाह करावयाचा आहे, त्यानें आपण कोणत्याही प्रस्थापित धर्माचे नाहीं असें लिहून द्यावें. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याबरोबर आमचा प्रतिज्ञालेख जन्मास आला. मी ख्रिस्ती, यहुदी, हिंदु, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख अथवा जैन धर्माचा अनुयायी नाहीं, असें वधूनें आणि वरानें तीन साक्षीदारांसमक्ष लिहून द्यावयाचें, आणि मग लग्न लावावयाचें. हेस्टिंग्जच्या योजनेस त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं.

स्टीफनचें म्हणणें केवळ आडमुठेपणाचें होतें, असें म्हणतां येत नाहीं. जेथें विवाहाचा कायदा धर्मावरच उभा आहे, तेथें धर्म ठेवून कायदा टाकणें म्हणजे त्या धर्मीयांचा कायदा त्यांच्या संमतीवांचून बदलणें होय, आणि सरकारनें तर तसें न करण्याचें वचन दिलेलें. हा त्याचा युक्तिवाद होता. तो तर्काला धरून होता. पण त्यानें माणसाची कोंडी केली. जो तरुण “माझा धर्म मला माणसामाणसांत भेद करावयास सांगत नाहीं” असें म्हणत होता, त्यास कायद्यानें उत्तर दिलें कीं, मग तुला धर्मच नाहीं असें लिहून दे. धर्म म्हणजे काय हें सनातन्यांनीं ठरवावें आणि सुधारकानें तें मान्य करून बाहेर जावें, हीच त्या उत्तराची फलश्रुति होती. शिवाय खोट्याचा कंटाळा येऊन जे कायद्याकडे आले होते, त्यांच्यापैकीं कित्येकांस कायद्यानेंच नवें खोटें लिहावयास लाविलें. एकेश्वरी उपासना करणारा भाविक माणूस आपल्या आयुष्यांतील सर्वांत पवित्र दिवशीं आपण अमुक नाहीं, तमुक नाहीं, अशी नकारांची माळ गुंफूं लागला.

तरी या कायद्यांत जें चांगलें होतें, तेंही सांगितलें पाहिजे. एकपत्नीत्व त्यानें बंधनकारक केलें. वर अठरा आणि वधू चौदा वर्षांची असलीच पाहिजे, असा नियम घातला. मुलीचें लग्नाचें योग्य वय कोणतें, याविषयीं केशवचंद्रांनीं आधीं नामांकित डॉक्टरांचीं मतें मागविलीं होतीं. बहुतेकांनीं सोळा वर्षांच्या आसपास सांगितलें, आणि देशस्थिति पाहून चौदावर तडजोड झाली. ज्या काळीं आपल्याकडे आठव्या-नवव्या वर्षीं मुलींच्या हातांत वरमाला येत असे, त्या काळीं हें पाऊल लहान नव्हतें.

आणि याच नियमानें त्याच्या कर्त्यावर सूड घेतला. १८७८ च्या मार्च महिन्यांत केशवचंद्रांनीं आपली मुलगी सुनीति हिचा विवाह कुचबिहारच्या महाराजांशीं लाविला. मुलीस चौदावें वर्ष पुरें झालें नव्हतें आणि वर पंधरा वर्षांचा होता. कुचबिहार हें संस्थान असल्यामुळें ब्रिटिश हद्दींतील कायदा तेथें लागू नव्हता. केशवचंद्रांनीं ईश्वरी आदेशाचा हवाला दिला. पण ज्या तरुणांस त्यांनींच कायद्याची आणि तत्त्वाची चाड शिकविली होती, त्यांस तें पटेना. शिवनाथ शास्त्री, आनंदमोहन बोस हे त्या वेळीं तिशीच्या घरांत असलेले अनुयायी गुरूपासून फुटले, आणि मे महिन्यांत त्यांनीं साधारण ब्राह्मसमाजाची स्थापना केली. कालचा बंडखोर तरुण आज बाप झाला कीं काय होतें, याचें हें उदाहरण इतकें ठळक आहे कीं, त्यावर भाष्याची गरज नाहीं.

महाराष्ट्रांत या कायद्याचा फारसा उपयोग झाला नाहीं. प्रार्थनासमाजाच्या मंडळींनीं हिंदु समाजाशीं नातें तोडावयाचें नाहीं असें ठरविलेलें. तेव्हां प्रतिज्ञालेखावर सही करणें त्यांच्या धोरणांतच बसेना. आपल्याकडील झगडा १८५६ च्या कायद्याभोंवतीं झाला, आणि तेथेंही कायदा व धैर्य यांची गांठ पडण्यास वेळ लागला. पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ति रानडे १८७३ सालीं विधुर झाले तेव्हां वडिलांच्या आग्रहापुढें नमून त्यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं लग्न केलें. त्या विवाहांतून रमाबाईंसारखी कर्ती स्त्री महाराष्ट्रास लाभली, ही गोष्ट निराळी. वीस वर्षांनंतर, १८९३ सालीं, धोंडो केशव कर्वे यांनीं शारदा सदनांतील गोदूबाई या बालविधवेशीं पुनर्विवाह केला. सरकारी कायद्याच्या दृष्टीनें या लग्नांत कांहींच वावगें नव्हतें. पण मुरूडच्या गांवकऱ्यांचा कायदा निराळा होता, आणि त्यांनीं बहिष्कार घातला. दोन्ही प्रसंगीं सरकारी कायदा एकच होता. फरक माणसांच्या निश्चयाचा आणि त्यांच्याभोंवतीं उभ्या असलेल्या घरच्यांचा होता.

प्रतिज्ञालेख काढून टाकण्याचा पहिला मोठा प्रयत्न बंगालचे भूपेंद्रनाथ बसू यांनीं १९११ सालीं केला. त्यांच्या बिलास १९१२ सालीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत नामदार गोखले यांनीं पाठिंबा दिला; आणि मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधि, पस्तीस वर्षांचे तरुण बॅरिस्टर महंमदअली जिना यांनींही दिला. हिंदु व मुसलमान या दोन्ही समाजांतील पुढारलेल्या मतानें या प्रश्नावर एके ठिकाणीं यावें, असा तो विरळा प्रसंग होता. पण सरकारचा आणि बहुसंख्य सभासदांचा विरोध पडून बिल बारगळलें. सहा वर्षांनीं जिनांनीं मुंबईंतील एका पारशी घराण्यांतील रत्तनबाई पेटिट यांच्याशीं विवाह केला, तेव्हां रत्तनबाईंनीं आधीं इस्लाम धर्म स्वीकारला. प्रतिज्ञालेख काढला गेला असता तर त्यांनीं कोणता मार्ग पत्करला असता, हें कोणीं सांगावें? परंतु मुसलमान व पारशी अशा दोन धर्मांच्या माणसांस आपापल्या धर्मांत राहून एक होतां येईल, अशी वाट त्या दिवशीं कायद्यांत नव्हती, एवढें निश्चित. एकानें दुसऱ्याच्या धर्मांत जावें, किंवा दोघांनींही धर्महीन म्हणवून घ्यावें, एवढेच दोन मार्ग होते. पुढें १९३८ सालीं या दांपत्याच्या मुलीनें मुसलमान नसलेला वर पसंत केला, त्या वेळीं विरोध केला तो जिनांनींच. केशवचंद्रांची कथा धर्म बदलून पुन्हां घडली.

१९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांनीं हिंदूंतील आंतरजातीय विवाह कायदेशीर करण्याचें बिल आणलें. त्यावर देशभर वादळ उठलें आणि तेंही तडीस गेलें नाहीं. पण १९१९ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत आंतरजातीय विवाहास मान्यता देणारा कायदा केला. ब्रिटिश सरकारनें धर्मांत हात न घालण्याची सबब सांगावी, आणि कोल्हापूरच्या छत्रपतींनीं ती झुगारून द्यावी, यांत विसंगति कांहींच नाहीं. परक्या राजाची सहिष्णुता ही बहुधा अलिप्ततेचीच दुसरी बाजू असते. प्रजेशीं ज्याचें रक्ताचें नातें आहे, त्यास अलिप्त राहून चालत नाहीं.

अखेर १९२३ सालीं डॉ. हरिसिंग गौर यांस अर्धें यश आलें. गौर मूळचे सागरचे. नागपुरास त्यांनीं मोठी वकिली केली होती. त्यांच्या दुरुस्तीनें हिंदु, बौद्ध, शीख आणि जैन यांस आपला धर्म न नाकारतां परस्परांत या कायद्याखालीं विवाह करण्याची मुभा मिळाली. मात्र तिच्याबरोबर अटी आल्या. असा विवाह करणारा अविभक्त कुटुंबांतून आपोआप विभक्त समजला जाईल. त्यास दत्तक घेण्याचा अधिकार राहणार नाहीं. आणि त्याच्या बापास दुसरा मुलगा हयात नसेल, तर त्या बापानें दुसरा मुलगा दत्तक घ्यावा!

ही शेवटची अट वाचतांना आपल्या धर्मशास्त्रांतील एका जुन्या विधीची आठवण होते. घटस्फोट या शब्दाचा अर्थ आज आपण काडीमोड असा करतों. पण मूळचा घटस्फोट निराळा. पतित झालेल्या आप्तास तो जिवंत असतांनाच मृत समजून त्याच्या नांवानें उदक द्यावयाचें, पाण्यानें भरलेला घट दासीकडून पायानें लवंडावयाचा, आणि मग त्याच्याशीं बोलणें, बसणें, वांटणी सर्व बंद करावयाचें, असा तो विधि. १९२३ च्या कायदेमंडळानें इंग्रजी भाषेंत आणि छापील कलमांत तोच घट पुन्हां लवंडला. मुलगा हिंदु राहिला खरा; पण बापाच्या घरांत तो मेला असें समजण्याची बापास सवलत मिळाली. हिंदु-मुसलमान किंवा पारशी-हिंदु अशा जोडप्यांस तर तेवढेंही मिळालें नाहीं. त्यांच्यासाठीं १८७२ चा नकार जसाच्या तसा शिल्लक राहिला.

स्वातंत्र्यानंतर हें चित्र बदललें. जातिसंस्थेवर खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच, असें डॉ. आंबेडकर १९३६ पासून निक्षून सांगत होते. १९४९ च्या एकविसाव्या कायद्यानें हिंदूंतील भिन्नजातीय विवाह कायदेशीर ठरले. १९५० च्या राज्यघटनेनें विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य मूलभूत हक्कांत घातलें. आणि १९५४ सालीं विशेष विवाह कायदा संमत झाला. तो १९५५ च्या १ जानेवारीपासून अंमलांत आला. वर एकवीस वर्षांचा, वधू अठरा वर्षांची, दोघेही शुद्धीवर, दोघांचाही दुसरा जोडीदार हयात नाहीं, आणि दोघांत निषिद्ध नातें नाहीं, एवढ्या गोष्टी असल्या म्हणजे पुरे. तूं कोणत्या धर्माचा नाहींस, हा प्रश्न कायद्यानें विचारणें बंद केलें. ब्याऐशीं वर्षांनीं प्रतिज्ञालेख गेला. कोणत्याही दोन धर्मांचीं माणसें आपापल्या धर्मासह एका छपराखालीं राहूं शकतात, हें कायद्यानें प्रथमच मान्य केलें. अविभक्त कुटुंबापासून विभक्त समजण्याचें कलम मात्र नव्या कायद्यांतही राहिलें. १९७६ सालीं वधूवर दोघेही हिंदु असल्यास त्यास सूट मिळाली, भिन्नधर्मीयांस मिळाली नाहीं.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती बारीक असली तरी महत्त्वाची आहे. १८७२ च्या कायद्यांत विवाहापूर्वीं चौदा दिवस नोटीस द्यावी लागे. १९५४ च्या कायद्यानें ती मुदत तीस दिवसांची केली. ही नोटीस कचेरींत लावावयाची आणि कोणासही हरकत घेतां यावयाची, असा नियम आहे. जातींत, धर्मांत, घरच्यांच्या पसंतीनें होणाऱ्या लग्नांत आप्तेष्टांस आमंत्रण जातें. या लग्नांत विरोधकांस जातें. परमहंस सभेचें दप्तर चोरीस गेलें तेव्हां सभासदांचा थरकांप झाला. येथें दप्तर सरकारच भिंतीवर टांगतें. अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें २०२१ सालीं ही जाहीर नोटीस वधूवरांच्या इच्छेवर सोडावी असा निर्णय दिला. पण कायद्याच्या पुस्तकांतील कलम तसेंच आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं, केरळांतील एका सज्ञान तरुणीच्या प्रकरणांत, आपल्या पसंतीच्या माणसाशीं विवाह करणें हा घटनेनें दिलेल्या जीवितस्वातंत्र्याचाच भाग आहे, असें स्पष्ट सांगितलें. त्याच सुमारापासून कांहीं राज्यांनीं विवाहासाठीं होणाऱ्या धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले आहेत. म्हणजे तूं कोणत्या धर्माचा, कधींपासूनचा, आणि कोणासाठीं, हे प्रश्न कायदा पुन्हां विचारूं लागला आहे. फसवणूक आणि जुलूम यांस शासन व्हावें, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं; परंतु सज्ञान माणसाच्या निर्णयाकडे आरंभापासूनच संशयानें पाहणें निराळें.

कायद्याच्या या गतीस समाजाच्या मनाचा पाठिंबा आहे, हें विसरून चालणार नाहीं. अमेरिकेंतील प्यू संशोधन केंद्रानें २०१९-२० सालीं सुमारें तीस हजार प्रौढ भारतीयांस प्रश्न विचारून जी पाहणी केली, तिच्यांत शेंकडा ८४ लोकांनीं सांगितलें कीं, खरा भारतीय होण्यासाठीं सर्व धर्मांचा आदर करणें अतिशय महत्त्वाचें आहे. त्याच पाहणींत शेंकडा ६७ हिंदूंस आपल्या समाजांतील स्त्रियांचे परधर्मीयांशीं विवाह थांबविणें अतिशय महत्त्वाचें वाटलें, आणि मुसलमानांत हें प्रमाण शेंकडा ८० होतें. या आंकड्यांत परस्परविरोध आहे असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल; पण शनिवार तेल्यास शेजारीं आनंदानें नांदूं देणारें आणि त्याच्या मुलास सून देतांना दार लावणारें हें तेंच जुनें मन आहे.

तेव्हां “कायदा आहे, मग प्रश्न कोठें उरला” म्हणणाऱ्या तरुणास श्रीपाद शेषाद्रीची गोष्ट सांगावी, आणि “कायदा पुस्तकांतच आहे” म्हणणाऱ्यास परमहंस सभेची. कायद्यावांचून धैर्य रात्रीच्या बंद खोलींत कोंडलेलें राहतें. धैर्यावांचून कायदा कचेरीच्या कपाटांत. पण या इतिहासांतून घ्यावयाचा मोठा धडा आणखी निराळा आहे, आणि तो तरुणांपेक्षां आम्हां वडीलधाऱ्यांस अधिक लागू आहे. केशवचंद्र, रानडे, जिना हे सामान्य बुद्धीचे किंवा दांभिक पुरुष नव्हते. तरुणपणीं त्यांनीं जें मागितलें, तें मनापासून मागितलें होतें. स्वतःस हवें असलेलें स्वातंत्र्य मागणें त्यांस साधलें; तें दुसऱ्यास, आणि विशेषतः आपल्याच अपत्यास किंवा आपल्याच बापासमोर, देण्याची वेळ आली तेव्हां ते डगमगले. सहिष्णुतेची परीक्षा परक्याच्या देवापाशीं सोपी असते. ती कठीण होते आपल्या घराच्या उंबरठ्यावर, आपल्या रक्ताच्या माणसाचा निर्णय ऐकतांना. आजचे तरुण आणखी वीस-पंचवीस वर्षांनीं आईबाप होतील. त्यांच्या मतांचें खरें मोल त्या दिवशीं कळेल. तोंपर्यंत त्यांनीं एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, मी अमुक धर्माचा नाहीं असें खोटें लिहून दिल्यावांचून आपल्या पसंतीच्या माणसाचा हात धरतां येणें, ही आज साधी वाटणारी गोष्ट मिळण्यास ब्याऐशीं वर्षें लागलीं.